मावशीची पाटी

मुलुंड पूर्व
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

श्वेते, आशीर्वाद.

तू सांगितलेला तो बर्फातल्या पोलीस बाईचा सिनेमा बघितला. फोनवर बोललेलं हवेत जातं, मावशी, तू लिहून पाठव, मी जपून ठेवीन, असं तू म्हणालीस, म्हणून निमेशची कॉलेजची अर्धी कोरी वही काढली आहे. गुरुवारी आमच्याकडे मासे नसतात, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. तुझे काका एकदा आडवे झाले की टीव्ही माझा.

मत असं. खून चांगला आहे, बर्फ फार आहे. पण ती पोलीस बाई सव्वादोन तासांत एक घास खात नाही. कॉफी घेते, तीही अर्धी टाकते. खुनी सापडेपर्यंत मला त्याच्यापेक्षा तिच्या पोटाची काळजी लागली होती. तुमच्या अंधेरीत सिनेमे करणारे लोक जेवतात की नाही, ते एकदा विचारून सांग. खुनी मला पाऊण तासातच कळला. जो सगळ्यांना गरम कपडे आणून देतो, तो. इतक्या चांगल्या माणसाला सिनेमात दुसरं काम काय असणार?

मधे तुझे काका उठून आले. "काय गो, खुनी गावलो?" म्हणाले. म्हटलं, गावला, पण बाई सकाळपासून उपाशी आहे. "मगे तिका जेवूक वाढ," म्हणाले आणि पुन्हा जाऊन झोपले.

आता माप. तुझ्या आईने आणि मी काढलेलं हे माप ती गेल्यापासून तुला आणि मलाच माहीत आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. पापलेट म्हणजे पाहुणे आले तरी दाखवावा. सुरमई म्हणजे चांगला. बांगडा म्हणजे रोजचा, पोट भरतो. करली म्हणजे चव आहे पण काटे फार. आणि ओला बोंबील म्हणजे तव्यावर टाकला की पाणीच पाणी. या सिनेमाला मी बांगडा देते. बाई जेवली असती तर सुरमई दिली असती.

आणि आपला नियम विसरू नकोस. शेवट झाल्याशिवाय मत द्यायचं नाही. लहानपणी तू शेवटाच्या आधी माझ्या मांडीवर झोपायचीस आणि सकाळी उठून सगळ्यांना सिनेमा कसा होता ते सांगायचीस. तेव्हा तुझी आई म्हणायची, शेवट बघितला नाहीस, तुला मत नाही. मी तर शेवटी नावं वर सरकतात तीही बघते. कपडे शिवणाऱ्याचं नाव येतं, ते बघून बरं वाटतं.

टीव्हीवरच्या सिनेमांच्या तुझ्या खात्यात तू माझ्यासाठी चौकोन केलास आणि त्यावर 'मावशी' लिहिलंस. या घरात माझ्या नावाचं दुसरं काही नाही, लाइटचं बिलसुद्धा काकांच्या नावावर येतं. टीव्ही लावला की आधी तो चौकोन बघते.

तुझी मावशी


मुलुंड पूर्व
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

श्वेते,

तू म्हणालीस तसा तो तुर्कस्तानातला सिनेमा बघितला. बाई तुर्की आणि बोलते हिंदीत, त्यातही आवाज चहाच्या जाहिरातीतल्या बाईचा. दहा मिनिटं हसले. मग हसू गेलं.

नवऱ्याची भट्टी बंद पडते. तो घरात बसून राहतो. बाई एक दिवस मुलांना तशीच टाकून एसटीसारख्या गाडीत बसून जाते. सगळा सिनेमा तिची चूक की बरोबर, यावर चालला आहे. शेवटी ती स्टँडवर बसलेली, गाडी सुटते आणि ती गाडीत आहे की नाही ते दाखवतच नाहीत. मला राग आला. तीन तास माणसाला बसवून ठेवता आणि शेवट आमच्या गळ्यात मारता. करली.

पण श्वेते, मला ती बाई समजली. का, ते तुला सांगते. तुझ्यापुरतं ठेव. हे मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

निमेश पहिलीत होता. काकांची कंपनी बंद झाली, गेटला कुलूप लागलं. त्यानंतर सात महिने हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. मारलं नाही, दारू प्यायले नाहीत, कोणाला सांगावं असं काही केलं नाही. फक्त बोलत नव्हते. मी विचारायचे, भात वाढू का, तर उत्तर नाही. मी घरात आहे हे मलाच कधी कधी खरं वाटेना.

एका सकाळी निमेशला शाळेत सोडलं, घरी आले, कापडी पिशवीत दोन साड्या भरल्या आणि बस पकडली. आधी मालाड, मालाडहून मार्वे. शाळेतली माझी मैत्रीण उत्तरा मनोरीला दिलेली होती. ये कधीतरी, म्हणायची. होडीने पलीकडे गेलं की मनोरी. परत यायचं ठरवलं नव्हतं. हे शब्द मी पहिल्यांदा लिहितेय.

धक्क्यावर बसले. एक होडी गेली, दुसरी गेली. मी म्हणत होते, पुढची. मग रुमाल काढायला पिशवीत हात घातला तर हाताला निमेशचा डबा लागला. सकाळच्या घाईत त्याच्या दप्तरात घालायचा तो माझ्याच पिशवीत राहिला होता. दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी. पोरगं उपाशी होतं. मी तो डबा उघडलाही नाही. तसाच छातीशी धरला आणि आल्या वाटेने परत निघाले.

शाळेत पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. शाळा साडेबाराला सुटलेली. निमेश शिपाईकाकांच्या स्टुलावर बसून बिस्किटं खात होता. घरी आणि शाळेत दोन्हीकडे सांगितलं की दवाखान्यात रांग होती. तो अजून लग्नकार्यात ही गोष्ट सांगतो, आई दवाखान्यात आणि मी शिपाईकाकांचा पाहुणा. सगळे हसतात, मीही हसते.

असो. पुढचा सिनेमा जरा हलका दे.

तुझी मावशी


मुलुंड पूर्व
गुरुवार, २७ मार्च २०२५

श्वेते,

हलका दे म्हटलं तर तू लग्नाचा दिलास. नवरीच्या घागऱ्यावरच अर्धा तास गेला. कोणाला काही प्रश्नच नाही, पैसा आहे, रूप आहे, कुत्रासुद्धा शहाणा आहे. मधेच उठून मी भांडी घासून आले आणि माझं काही चुकलं नव्हतं. ओला बोंबील.

तुझ्या गेल्या तिन्ही मेसेजमध्ये तू मनोरीचं विचारलंस. त्या दिवशी साडी कोणती होती, होडीत कोण कोण बसलं होतं, रडू आलं का, अजून लिही ना. कशाला गं? झालं ते लिहून. साडी कोणती होती ते मला आठवत नाही. आणि आईवरचे, रडायला लावणारे सिनेमे सुचवू नकोस सारखे. मला माणसं पळत असलेली आवडतात, मागे पोलीस असले तर फारच उत्तम.

निमेश तीन रविवार आला नाही. घाटकोपरहून मुलुंड ते काय लांब, आणि रविवारची सुरमई त्याने कधी चुकवली नव्हती. फोन केला की दीप्ती उचलते. "त्याला काम आहे, आई." परवा विचारलं, काम म्हणजे कसलं गं, तर म्हणाली, "तो बोलेल तुमच्याशी." तिचा आवाज हल्ली जपून येतो. दोघांचं काही बिनसलंय का? तुझ्याशी बोलतो तो, तू विचारून बघ. मला सांगायचं टाळत असेल.

तळलेल्या तुकड्या काढून ठेवल्या होत्या. सोमवारी काकांनी खाल्ल्या नाहीत, वार असतो त्यांचा. शेवटी टाकून दिल्या.

तुझी मावशी


मुलुंड पूर्व
रविवार, २० एप्रिल २०२५

श्वेतास,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

सकाळी बाजारात गेले होते. आमची कृष्णाबाई, कोळीण, गेली वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते. हल्ली तिची सून नमिता बसते. मी करली उचलून बघत होते तर नमिता हसून म्हणाली, "काल एक पिक्चर बघितला मावशी, अगदी करली. चव हाय पण काटे लय."

मी करली खाली ठेवली. म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं?

"तुम्ही नाय ऐकत? 'मावशीची पाटी'. एक बाई पिक्चरना आपल्या माशांवरून नंबर देते. आम्ही सकाळी पाटी भरताना लावतो ना."

तिने फोनवर लावून दाखवलं. माझी वही कोणीतरी मोठ्याने वाचत होतं. बर्फातली पोलीस बाई, तिचं पोट, काकांचं "जेवूक वाढ". आवाज कुठल्यातरी नटीचा. दर वाक्याला 'गो बाय' लावते, 'माका', 'तुका' करते. चाळीस वर्षं मी मुलुंडात आहे, मी अशी बोलते का गं? तुझ्याशी कधी बोलले? मधे मधे लोक हसतात. ते हसणं यंत्रातलं आहे एवढं मला कळतं.

तिथपर्यंतसुद्धा मी सोसलं असतं. खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. ताईचं आणि माझं माप बाजारात चालतंय, एवढा मोह मलाही झाला. मग नमिता म्हणाली, "तो धक्क्यावरचा ऐका. आमची सासू रडली. पोराला शाळेत टाकून मनोरीला पळालेली ती."

मी विचारलं, परत नाही आली?

"ते नाय सांगितलं. होडीकडं बघत बसली, मग गाणं लागलं."

मासे तिथेच ठेवून घरी आले. तुला फोन केला. तू काय काय म्हणालीस ते मी लिहून काढलंय, म्हणजे पुढे तुला आठवलं नाही तर उपयोगी पडेल. "मी नाव कुठे घेतलं, मावशी." "कमेंट वाच, लोकांना तू किती आवडतेस." "तुला सरप्राइज देणार होते." आणि मी विचारलं, शेवट का काढलास, तर, "एपिसोड वीस मिनिटांचा असतो, आणि तो डब्याचा भाग आला की टेन्शन जातं."

नाव घेतलं नाहीस. मुलुंड घेतलंस, बंद पडलेली कंपनी घेतलीस, मार्वेचा धक्का घेतलास, आणि शिपाईकाकांची बिस्किटं मागून उचलून धक्क्याच्या आधी लावलीस. दवाखान्याची गोष्ट जगात एकाच माणसाला पाठ आहे. दीप्ती ऑफिसला जाताना तुझा कार्यक्रम ऐकते. तिने निमेशला ऐकवला, आज मी विचारल्यावर तिने कबूल केलं. तेव्हापासून तो इथे आलेला नाही. मी तुलाच विचारत होते, त्याचं काय बिनसलंय, बघ जरा म्हणून. तुला तेव्हा ठाऊक होतं. फोनवर मी तेच विचारलं तर विषय कमेंटवर नेलास.

माझ्या मुलाला एवढंच कळलं आहे की आई त्याला टाकून निघाली होती. ती परत का आली ते तू कापलंस. आपला नियम कुठला होता? तुझ्या आईच्या तोंडचा होता तो.

लिहून पाठव, जपून ठेवीन, म्हणालीस. मला वाटलं, आई गेल्यावर पोरीला माझी अक्षरं जवळ असावीशी वाटतात. या एका गोष्टीवर मी तीन महिने आनंदात होते. मला फसवलंस, श्वेता. गरम कपडे आणून देणारा माणूस पाऊण तासात ओळखला असं मीच लिहिलं होतं.

सगळी पानं परत पाठव. झेरॉक्स नको, माझी पानं.

मावशी


मुलुंड पूर्व
गुरुवार, ८ मे २०२५

श्वेता,

पाकीट पोचलं. पानं सगळी आहेत. मनोरीच्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ आहे आणि बाजूला तुझ्या अक्षरात 'इथे कट'. तू हाताने मारली आहेस ती रेघ. बरोबरचं तुझं चार ओळींचं सॉरी वाचलं. त्यातही तू म्हणतेस की तो भाग तू काढून टाकला आहेस, आता कोणाला ऐकता येणार नाही. ज्याने ऐकायचा त्याने ऐकला, आता काढून काय.

आज दुपारी निमेश आला. एकटाच. दार काकांनी उघडलं. "इलंस? आवस आत आसा," आत माझ्याकडे हात करून म्हणाले आणि चप्पल घालून खाली कॅरम खेळायला गेले. त्यांना काय आणि किती माहीत आहे, मी विचारलेलं नाही. पण त्या वेळी ते कॅरमला कधी जात नाहीत.

निमेश सोफ्यावर बसला. पाणी नको म्हणाला. मग म्हणाला, "ते खरं आहे का, आई?"

मी हो म्हटलं.

"दवाखाना नव्हताच?"

नव्हता, म्हटलं.

"मी तेहतीस वर्षांचा आहे. लोकांना हसवत होतो मी त्यावर," म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, "मग परत का आलीस?"

मी उठून ते पान आणलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हटलं, लाल रेघेच्या खालचं वाच, ते श्वेताने कापलंय. त्याने वाचलं. डबा उघडलाही नाही, छातीशी धरला, परत निघाले. पुन्हा एकदा वाचलं. त्याचा चेहरा सैल झाला. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "काहीतरी असणारच."

श्वेता, तिथे थांबले असते तर सगळं मिटलं होतं. मुलगा जेवला असता, रविवारी दोघं आले असते. पण त्या कापलेल्या शेवटावरून मी तुला काय काय बोलले होते. शेवट कापायचा नाही म्हणाले होते. आणि खालचा शेवट माझा तरी खरा होता का? तुला पत्र लिहितानाही मी चांगली दिसायला बघत होते. तू कापलंस, मी रचलं. तुझं मी विसरणार नाही, पण माझं मला माहीत होतं.

म्हणून त्याला सांगितलं, ते तुलाही लिहिते. पुढे कोणाला वाचून दाखवलंस तर एवढं पूर्ण वाच, त्या बाईच्या आवाजात वाचलंस तरी चालेल.

मी त्याचा डबा उघडला होता. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं. धक्क्यावर बसून दोन्ही चपात्या खाल्ल्या, भाजी बोटाने पुसून खाल्ली. खाताना मला तो आठवलासुद्धा नाही. त्यानंतर आणखी एक होडी आली, तिच्यात चढणारच होते. पण सवयीने उठून नळावर डबा धुतला. पदराने पुसताना झाकणावर खिळ्याने कोरलेलं त्याचं नाव दिसलं. धुतलेला डबा घेऊन मनोरीला कुठे जाणार? तो दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा होता. म्हणून परत आले. प्रेमाने आले की सवयीने, मला आजही सांगता येत नाही.

हे ऐकून निमेश कितीतरी वेळ पानावरच्या रेघेवरून अंगठा फिरवत होता.

तो चौकोन पुसून टाक. 'मावशी' नावाने आता कोणी काही बघणार नाही. ताईचं माप तुझ्या कार्यक्रमात राहू दे, ते बाजारात गेलंच आहे, परत मागून येणार नाही. माझ्याकडे यायचं तर ये, ताईची मुलगी आहेस, दार उघडीन. पण तुझ्यासमोर आता मी सिनेमासुद्धा बघणार नाही, मत तर लांबच. आणि ही खाली सही पूर्ण करते, कारण दुसऱ्या नावाने तू कोणालाही उभं करतेस.

जायला निघाला तेव्हा निमेश दारात थांबला. चपलेत पाय घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोनच चपात्या होत्या ना?"

हो म्हटलं.

"पुरल्या तुला?"

नाही, म्हटलं.

रुक्मिणी गुणाजी परब